कोळशावरचा अंगठा

मामा, काल तुमच्या दहाव्याला जो फोटो ठेवला होता, तो तुम्ही नव्हतात.

आधार कार्डावरचा फोटो मोठा करून फ्लेक्स केला होता. तोंड सुपाएवढं. जवळ गेलं की गालाचे चौकोन चौकोन दिसायचे. मागे निळं आभाळ, खाली कमळं. तुमच्या चित्रांच्या खोलीतून असं काही बाहेर गेलं असतं, तर तुम्ही सायकल काढून मागे गेला असतात आणि ते परत आणलं असतंत. वन्सं त्याच्यासमोर बसून रडत होत्या. त्यांना तो फोटो चालला. मला रडूसुद्धा आलं नाही, कारण समोर कोण आहे तेच मला कळेना.

बायकांच्यात मी मागे उभी होते. पुढच्या दोघी बोलत होत्या.

"घरात चितारीण असताना फ्लेक्स कशाला गं?"

"अगं, तिनं सासऱ्याचं तोंडच न्हाई बघितलं म्हनं."

"मग काय नुसती पाठ काढायची व्हय!"

दोघी पदरात तोंड घालून हसल्या. मला राग आला नाही. खरंच होतं ते.

मी चौथीपर्यंत शिकले. लिहायची सवय नाही, बोलायचीही नाही. तुमच्याशी जेवढं बोलले, ते दारामागून आणि पदराआडून. आता दारही नाही आणि पलीकडे तुम्हीही नाही, म्हणून वहीचं एक पान फाडून बसले आहे. कुणाला दाखवायचं नाही.

लग्न होऊन आले त्या दिवशी सासूबाईंनी, आत्याबाईंनी, माझा पदर नाकापर्यंत ओढला आणि म्हणाल्या, "मामांच्या म्होरं मान वर करायची न्हाई." तुम्ही तसं कधी सांगितलं नव्हतं. आत्याबाई गेल्यावर सांगणारंही कुणी राहिलं नाही. पण तोवर मानेला तीच सवय लागली होती. एका घरात इतकी वर्षं राहून मी तुम्हाला ओझरतं पाहिलं असेल, बाजूनं, अंगणात, जेवायला वाढताना. सरळ, पुरतं असं कधीच नाही. आणि मी काम करत होते लोकांचे चेहरे काढायचं.

मी रोज चहा आणून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायची. तुम्ही ब्रश धुवायला द्यायचात. आधी रॉकेलमध्ये, मग साबणानं, मग बोटांनी टोक करून आडवे ठेवायचे. किती दिवस मी नुसते ब्रशच धुतले. मग एकदा तुम्ही पाठमोरे बसूनच विचारलंत,

"पोरी, कपाची सावली कुठं पडलीया?"

"बशीवर."

"बशीवर कुठं?"

मी वाकून बघितलं. कपाची सावली बशीवर पडून पुढे कट्ट्यावर मोडली होती. रोजचा कप, रोजची बशी, आणि ते मी कधी बघितलंच नव्हतं.

"मोडलीया," मी म्हणाले.

"हां. आता काढ."

तुम्ही जुना पेपर मागे सरकवलात आणि कोळशाची कांडी दिलीत. तो कोळसाही तुम्हीच करायचात. तुराटीचे, तुरीच्या वाळल्या काड्यांचे, तुकडे दुधाच्या पावडरीच्या डब्यात घालून, झाकण लावून चुलीत पुरायचे. मी काढलेला कप बघून तुम्ही म्हणालात, "ह्यातून च्या प्याला तर सगळा सदऱ्यावर सांडंल." मी पळून आत गेले. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर पेपर आणि कांडी तयार होती.

असं ते सुरू झालं. कपानंतर तांब्या, मग माझाच डावा हात, मग कान. कानाचं मला नवल वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "तोंड चुकलं की गावाला कळतं. कान चुकला तर कुनाला पत्ता लागत न्हाई. आधी तितं काय चुकायचं ती चुकून घे." मग मी कान काढत राहिले. समोर तुमचाच होता, उजवा, पाठीमागून दिसणारा. वरची कड थोडी मुडपलेली, पाळीवर केस. तो कान मी आजही डोळे मिटून काढीन. तुमची मान, मानेवरची घडी, कोपर, ब्रश धरायची बोटं, सगळं काढीन.

रंगाला हात लावायच्या आधी रोज सकाळी कोळसा धरायचाच, हे तुम्ही मला लावलंत. ताप असला तरी धरायचा. काम असो नसो, धरायचा. उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावरून गेले की आपली भिंत हलायची. तुम्ही ब्रश हवेत धरून थांबायचात, ट्रॅक्टर गेला की पुन्हा टेकवायचात. पुढे मीही तसंच थांबायला लागले. आपण दोघं एकमेकांकडे न बघता एकदम थांबायचो आणि एकदम सुरू व्हायचो.

आणि अंगठा. कोळशाची सावली मऊ करायची तर तुम्ही अंगठा फिरवायचात, वरून खाली. "सावली पडती, पोरी. चढत न्हाई." चूक पुसायची असली तर खालून वर. मी उलटं केलं की ब्रशच्या दांड्यानं पेपरावर टकटक व्हायची. पुढे पुढे नुसत्या आवाजावरून मला कळायचं, तुम्ही सावली करताय की पुसताय.

आपलं एकच भांडण झालं. ते अजून मिटलेलं नाही.

मिरजगावच्या त्या ताई आल्या होत्या. त्यांची लेक तापानं गेलेली, लग्नाच्या वयाची. फोटो आणला होता, जत्रेतला. पोरीचा वरचा ओठ जन्मापासून फाटका होता. मी आतल्या दाराआड होते. ताई म्हणाल्या, "दादा, सगळं हाय तसं काढा. ओठ तेवढा शिवून टाका."

तुम्ही फोटो उजेडाला धरलात.

"जिती असताना लई हिनवलं लोकांनी. आता भितीवर तरी नगं."

"ताई, मग ती तुमचीच लेक ऱ्हाईल का?"

तुम्ही ओठ फाटकाच काढलात. इतका चांगला ओठ मी पुन्हा बघितला नाही. फाटलेल्या कडेला आत जो ओला उजेड असतो, तोसुद्धा तुम्ही धरला होता. ताई न्यायला आल्या. बघितलं. पदरानं ते चित्र झाकलं आणि न नेताच गेल्या.

तेव्हा मी पहिल्यांदा तुम्हाला उलट बोलले. "मामा, द्यायचा हुता शिवून. तुमचं काय जानार हुतं?"

"माझं न्हाई जात. तिचं जातं."

"तिचं गेलंच हाय की सगळं."

तुम्ही ब्रश खाली ठेवलात आणि एसटी स्टँडवर चहाला निघून गेलात. घरात चहा असताना. मग किती तरी दिवस खोलीत नुसते ट्रॅक्टरच बोलत होते. शेवटी एका सकाळी तुम्ही कट्ट्यावरचा कप उचललात, एक घोट घेतलात आणि म्हणालात, "च्यात साखर हाय का, का ती बी शिवून टाकली?" मला हसू आवरेना. पण भांडण तसंच राहिलं.

कारण त्या ताई येत राहिल्या. वर्षातून एखादवेळी, श्रीगोंद्याला भावाकडे आल्या की. खोलीच्या दारात उभ्या राहायच्या, भिंतीवरच्या लेकीकडे बघायच्या, चहा घ्यायच्या, जायच्या. चित्र कधी नेलं नाही. त्या गेल्या की तुम्ही म्हणायचात, "बघितलं? आली का न्हाई?" आणि मी म्हणायची, "आली. पन न्हेलं का?" मग तुम्ही ब्रश उचलायचात, मी कप. कुणाचं खरं ते त्या ताईंनी कधी सांगितलं नाही, आणि त्यांना विचारायची छाती आपल्या दोघांचीही झाली नाही.

कारखान्याचं उसाचं गळीत सुरू होतं तेव्हा तुमचा ब्रश पडला. मला वाटलं ट्रॅक्टरनं भिंत हलली म्हणून पडला. पण रस्ता रिकामा होता. तुमची डावी बाजू गेली, तोंडाची डावी बाजू खाली आली, बोलणं गेलं. नगरच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तुम्ही आत यायला तयार नव्हतात. खाट पुढच्या खोलीतच टाकायला लावलीत, उत्तरेच्या दारासमोर, जिथला उजेड दिवसभर हलत नाही म्हणून तुम्ही सांगायचात.

मी पेज भरवायची. तेव्हाही माझी नजर चमच्यावर.

मग ती सकाळ. हे कारखान्यावर गेले होते. मी खोली झाडत होते. तुम्ही उजव्या हातानं खाटेची कड वाजवलीत. बोटानं कोळशाचा डबा दाखवलात. मग मला. मग स्वतःच्या तोंडाभोवती बोट फिरवलंत. मला कळलं, पण मी कळलं नसल्यासारखी उभी राहिले. तेव्हा तुम्ही हात कपाळापाशी नेलात आणि मागे सारलात, जसा पदर मागे सारतात तसा.

मी पदर मागे घेतला, मामा. मान वर केली.

मला वाटलं होतं तुम्ही रागीट दिसत असाल. आवाजावरून मी तुमचा एक चेहरा मनात करून ठेवला होता, लांब नाकाचा, कडक. तो तुमचा नव्हताच. तुमचं नाक लहान होतं. नाकाच्या शेंड्यावर देवीचा एक वण होता. भुवया विरळ. उजवा डोळा पोरासारखा हसत होता आणि डावा मिटत नसल्यामुळे त्यातून पाणी येत होतं. डावा ओठ खाली ओघळलेला. मी पहिल्यांदा तुम्हाला बघितलं आणि तेव्हा तुम्ही अर्धेच उरला होतात.

पेपर नको म्हणून मी चांगला कागद फळीवर लावला. कानापासून सुरू केलं. एकदा तुम्ही मान वळवलीत तर माझ्या तोंडून गेलं, "हलू नका." इतक्या वर्षांत तुम्हाला मी कधी असं म्हणाले नव्हते. तुम्ही अर्ध्या तोंडानं हसलात. मी तो ओघळलेला ओठ तसाच काढला, आहे तसा. तुम्ही शिकवलं तसा.

मग फळी तुमच्यासमोर धरली. तुम्ही बघत राहिलात. फार वेळ. कान बघितलात, नाक, डोळे. मग उजवा हात उचललात आणि अंगठा पुढे आणलात, सरळ त्या डाव्या ओठावर.

आणि मामा, तुमचा हात जवळ आला तशी माझी मान खाली गेली.

मी घातली नाही, ती आपोआप गेली. वर बघितलं तोवर अंगठा फिरून झाला होता. आवाजही आला नाही, तुमच्या हातात तेवढी ताकदच राहिली नव्हती. ओठाच्या जागी करडा पट्टा होता आणि त्यात तुमच्या अंगठ्याच्या रेषा.

"मामा, सावली केली का पुसलं?"

तुम्ही काहीतरी म्हणालात. शब्द नव्हता तो. मी पुन्हा विचारलं, तुम्ही पुन्हा तेच म्हणालात. मग दमलात आणि डोळा मिटलात, एकच. मला वाटलं उठल्यावर विचारू. उठल्यावर तुम्ही कुणालाच ओळखलं नाहीत, आणि मग नाहीच.

वन्सं नेवाशाहून आल्या त्या रडतच आल्या, आणि रडणं थांबल्यावर पहिलं मला म्हणाल्या, "वैनी, आबांचं चित्र तूच काढ. साऱ्या तालुक्याचं काढलंस." मी हो म्हटलं. हो म्हणताना मला माहीत होतं मी कशाला हो म्हणतेय, पण नाही कसं म्हणू?

तुम्ही पुसलं असेल, असं आधी धरलं. तुम्हाला सरळ तोंड हवं असेल. मग सरळ तोंड कुठून आणू? ते मी बघितलेलंच नव्हतं. आधारच्या फोटोत नुसता काळोख आणि टोपी. शेवटी तुमचा तो लहान आरसा घेतला, चित्र उलटं बघून चूक शोधायचा. तो कोळशाच्या चित्रावर नाकाच्या रेषेत उभा धरला. चांगली उजवी बाजू आरशात पडली आणि पुरतं तोंड तयार झालं. ते मी काढलं, रंगासकट. दोन्ही डोळे हसरे, दोन्ही गाल सारखे. वन्सं बघून म्हणाल्या, "कोन हाय ह्यो?" मग हळूच, "आबांचा एखादा भाऊ असता तर असा दिसला असता." आबांना भाऊ नव्हता.

मग दुसरं काढलं, आहे तसं. ओघळलेला ओठ, पाणावलेला डोळा. ते तुम्ही होतात, मामा. ते काढताना मी तुमच्याशी बोलत होते. पण ह्यांनी बघितलं आणि तोंड फिरवलं. "असं नगं. आबा शेवटी शेवटी असे झाले. जन्मभर असे हुते का? लोकांनी ह्येच ध्यानात ठेवायचं का?"

ह्यांनी बाप जन्मभर बघितला. मी एका सकाळी बघितला. आणि हे जे म्हणाले ते मिरजगावच्या ताईंचंच बोलणं होतं, आणि तेव्हा मी ताईंच्या बाजूनं होते. आता ताईंच्या जागी माझाच नवरा बोलत होता आणि मला तुमच्या बाजूनं बोलायचं होतं, पण तुम्ही खरंच त्या बाजूला होतात का? त्या अंगठ्यानंतर मला तेच कळत नाही. दुसऱ्यांच्या लेकरांचे ओठ फाटके ठेवणारा माणूस स्वतःच्या वेळेला हळवा झाला असेल का? की शेवटपर्यंत मला शिकवत होता, की ओठाची सावली कडक झाली आहे, जरा मऊ कर? मला दोन्ही पटतं. एका दिवशी एक पटतं, दुसऱ्या दिवशी दुसरं.

तसंही रंग वाळायचे नव्हते. ओल्या रंगाला हार घातला की पाकळ्या चिकटतात, हे तुम्हीच सांगितलेलं. हे म्हणाले, "जाऊ दे, फ्लेक्स करून आनतो." आणि आणला.

मला तुमचे उपकार लिहायचे होते. काय लिहू? चौथीनंतर मला कुणी काही विचारलं नव्हतं. सावली कुठे पडली आहे हे तुम्ही विचारलंत. त्यानंतर मला चूल दिसली, उंबऱ्यावरचा उजेड दिसला, भाकरी फुगताना तिच्या पोटाखालचा काळोख दिसला. माणसं दिसली. गेलेल्या माणसांचे फोटो घेऊन लोक यायचे आणि मी काढलेलं बघून "व्हय, ह्येच!" म्हणून रडायचे. ते "व्हय, ह्येच" ऐकण्यासाठी मी जगले. तुमच्यासाठी मला ते ऐकायला मिळालं नाही.

आता ते ऐकायचंही संपलं. दिवाळीपासून एकही फोटो आलेला नाही. मागे कधी आपण बोललो होतो की लोक परत येतील, फ्लेक्स उन्हानं उडतो हे त्यांना कळेल. तो उडतो मामा, आणि ते दुसरा करतात. पुढची खोली मोबाईलच्या दुकानाला द्यायचं हे म्हणत आहेत. "तू तितं बसून काय करनार? कोन येतंय आता?" त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

मिरजगावच्या पोरीचं चित्र मी स्वयंपाकघरात आणलं, डब्यांच्या फळीवर. फोडणीचा धूर लागेल, पण दुसरी जागा नाही. तिच्या शेजारी तुमची दोन्ही चित्रं, भिंतीकडे तोंड करून. ताई आल्या तर त्यांना आता चुलीपाशी यावं लागेल. येतील का, माहीत नाही. आता तुम्हीच राहिला नाहीत म्हटल्यावर कशाला येतील?

कोळशाचं चित्र मात्र मी वेगळं ठेवलं होतं. त्यावर दूधपाणी फुंकून कोळसा बसवायचा होता, म्हणजे तो पुसत नाही, तो मी बसवला नव्हता. बसवला असता तर अंगठाही तसाच बसला असता, आणि मला आधी तो वाचायचा होता. आज सकाळी कोळसा धरायच्या वेळेला मी तो कागद उत्तरेच्या दारात नेला. उजेडाला तिरका धरला. तुमच्या अंगठ्याच्या रेषा दिसत होत्या, पण त्या वरून खाली गेल्या की खालून वर, ते दिसेना. डोळ्यांना नाही कळत तर हाताला कळेल, असं वाटलं. इतकी वर्षं तुमचा हात बघितला होता. मी माझा अंगठा अलगद तुमच्या अंगठ्यावर ठेवला आणि थोडा खाली नेला. मग थोडा वर.

रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. मी सवयीनं थांबले. भिंत हलायची थांबल्यावर अंगठा उचलला.

आता तिथे नुसता करडा डाग आहे, मामा. तुमचा कुठे संपतो आणि माझा कुठे सुरू होतो, ते मलाही सांगता येत नाही.